वरचं फेकायचं की खालचं

मी ओरडते. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. आमच्या प्रयोगशाळेत माझा आवाज सेंट्रिफ्यूजच्या वर चढतो, आणि ज्यानं ते यंत्र फिरताना ऐकलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. कुणी थंड खोलीचं दार उघडं टाकलं, कुणी बाटलीवर तारीख घातली नाही, की माझं सुरू. सर अधूनमधून म्हणतात, "अहो बाई, जरा दमानं घ्या." पण मी आहे म्हणून इथली कामं होतात, हे सरांनाही ठाऊक आहे. निदान मला तसं वाटायचं.

माझं सगळं आयुष्य हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनमध्ये गेलं. मायोसिन म्हणजे एक प्रथिन. त्याला एक लांब शेपटी आणि दोन डोकी. डोकं पुढं होतं, शेजारचा तंतू पकडतं, ओढतं आणि सोडून देतं. एवढंच त्याचं काम. अशी असंख्य डोकी एकदम ओढतात तेव्हा छातीत एक ठोका पडतो. प्रत्येक ओढीला एटीपी नावाचं इंधन जळतं. पण गंमत अशी, की सगळी डोकी दर ठोक्याला कामाला लागत नाहीत. बरीचशी मान मुडपून आपल्याच शेपटीवर टेकलेली असतात, इंधन जवळजवळ न जाळता. सरकारी कचेरीतल्यासारखी, असं मी नव्या मुलांना सांगते आणि ती हसतात. पण या झोपलेल्या डोक्यांमुळेच हृदय पुन्हा सैल होऊ शकतं. काही घराण्यांमध्ये मायोसिनच्या घडणीत एका ठिकाणी बारीकसा बदल असतो, आणि ती डोकी झोपतच नाहीत. मग हृदय आवळतं जोरात, पण सैल पडत नाही. हळूहळू त्याची भिंत जाड होत जाते.

माझ्या ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या भावोजींचं, नेमकं हेच झालं. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. "लिफ्टवाल्याएवढे जिने जगात कुणी चढत नाही," ते म्हणायचे, "कारण मी पोचतो तेव्हा ती बंदच असते." जिने चढताना दम लागायला लागला, एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि तपासणीत कळलं की हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत फुगून रक्ताची वाट अडवते आहे. डॉक्टर म्हणाले, भिंतीचा वाढलेला भाग कापून काढू. कापलेला तुकडा कुठल्या प्रयोगशाळेत जाणार ते उघडच होतं. त्या शस्त्रवैद्यांकडचे तुकडे आमच्याचकडे येतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावोजी खाटेवर मांडी घालून बसले होते. मला बघून म्हणाले, "या मेव्हणीबाई. अर्धं काळीज तुमच्या बहिणीनं लग्नातच घेतलं, उरलेल्यातलं उद्या तुम्ही नेणार. माझ्यासाठी काही ठेवताय का दोघी बहिणी मिळून?"

"तुमच्यासाठी जीभ ठेवलीय, तेवढी पुष्कळ आहे," मी म्हणाले. ताई हसता हसता रडायला लागली.

पण भावोजींच्या जिवाचा प्रश्न नव्हता. तो शस्त्रवैद्य हाताचा पक्का. प्रश्न होता माझ्या भाचीचा. ताईची ही एकुलती एक. लहानपणी चालायच्या आधी कपाटावर चढलेली पोर. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली, पाठीवर वजन घेऊन जिने चढायच्या चाचणीत ती पोरींमध्ये पहिली आली. फक्त वैद्यकीय मंडळाची मान्यता उरली होती. आणि तिथं गाडं अडलं. वडिलांना असा आजार म्हटल्यावर मंडळानं तिचीही तपासणी करायला लावली. हृदयाचं चित्र अगदी स्वच्छ आलं. पण रक्तात वडिलांचाच बदल निघाला, मायोसिनच्या डोक्यातला, तोही असा की जगात दुसऱ्या कुठल्या घरात तो कुणी नोंदवलेला नाही. तो बदल निरुपद्रवी असू शकतो, किंवा पुढंमागं भाचीचं हृदय वडिलांसारखंच करू शकतो. कुणीच सांगू शकत नव्हतं. मंडळ म्हणालं, आमच्या बैठकीपर्यंत स्पष्ट उत्तर आणा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटणार होतं. म्हणजे ही शेवटची संधी.

उत्तर मिळायचा सरळ रस्ता समोरच होता. भावोजींच्या हृदयातलं मायोसिन वेगळं काढायचं आणि त्याची डोकी झोपतात की नाही ते मोजायचं. "मावशी आहे ना तुझी," मी भाचीला म्हणाले, "कशाला काळजी करतेस?"

सर म्हणाले होते, "नातेवाईकाचा नमुना तुम्ही नका करू. चिमणीला करू द्या."

चिमणी म्हणजे माझ्या हाताखालची संशोधक विद्यार्थिनी. बोलते हळू, जेवते त्याहून कमी, म्हणून चिमणी. मी सरांना म्हणाले, "तिच्या हातात? गेल्या वर्षी काय केलं ते विसरलात?" "तरी तिलाच द्या," सर म्हणाले. मी हो म्हटलं आणि काम माझ्याच हातात ठेवलं.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगायला हवं. आमच्या कामात एक खोच आहे. स्नायूचा लगदा आधी कडक खारट पाण्यात घालतात. त्यात मायोसिन विरघळून बाहेर येतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की गाळ तळाशी बसतो आणि मायोसिन वरच्या पाण्यात राहतं. म्हणजे या फेरीत वरचं ठेवायचं, खालचं फेकायचं. नंतर त्या पाण्यात थंड साधं पाणी ओतून मीठ पातळ केलं की मायोसिनला ते सोसत नाही. त्याच्या गुठळ्या होतात. पुन्हा फिरवलं की या खेपेला मायोसिन तळाशी. आता खालचं ठेवायचं, वरचं फेकायचं. दोन्ही वेळा नळीत दिसतं तेच, वर पाणी आणि तळाला पांढुरकं काहीतरी. चिमणीनं गेल्या वर्षी मेंढीच्या हृदयाच्या कामात पहिल्या फेरीत वरचं फेकलं. मी सगळ्यांसमोर तिला सोलून काढलं. "वरचं खालचं कळत नाही त्यांनी घरी बसून भांडी विसळावीत," असं म्हणाले. मोरीच्या वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'वरचं फेकायचं की खालचं? आधी विचार!' शिवाय नियम घातला, की ओतायचं ते मोरीत नाही, बीकरमध्ये ओतायचं, आणि काम नीट झाल्याची खात्री होईपर्यंत बीकर बर्फात ठेवायचा.

तुकडा आला तो बर्फाच्या डब्यात. चिंचोक्याएवढा असेल. चिमणी म्हणाली, "बाई, अर्धा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवूया का? काही झालं तर असावा."

"काही होणार नाही. अर्ध्यात कितीसं मायोसिन निघणार? सगळा घे."

त्याच दिवशी माझं मेंढीच्या हृदयाचंही काम चालू होतं, तुलनेसाठी. दोन कामं एकाच यंत्रात एकदम फिरवू नयेत हा आणखी एक माझाच नियम. पण बैठकीची तारीख जवळ आली होती, आणि नियम काय, हाताखालच्यांसाठी असतात. मेंढीच्या नळ्या दुसऱ्या फेरीला होत्या, भावोजींची पहिल्या. भावोजींच्या नळीला मी लाल पट्टी लावली होती.

यंत्र थांबलं. मी नळ्या काढून मोरीपाशी आले. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, की चिमणीनं बर्फाची बादली मेजाच्या कडेला ठेवलीय. झालं. "डोळे कुठं ठेवून येतेस? धक्का लागला तर? किती वेळा सांगायचं?" माझं तोंड चालू होतं आणि हातही चालू होते. एक नळी ओतली, दुसरी ओतली, तिसरी ओतली. सगळं थेट मोरीत, आणि नळ सोडलेलाच होता. चिमणी बीकर पुढं करून उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, लाल पट्टीचं..."

"मला शिकवू नकोस."

तिनं रिकामा बीकर खाली ठेवला. मी तळाचं पांढुरकं उचललं, खारट पाण्यात विरघळवलं, नळीवर तारीख घातली. तारीख मात्र चुकले नाही.

दुसऱ्या दिवशी जेल काढला, म्हणजे प्रथिनं वेगळी करायचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. जेलवर प्रथिनं वजनाप्रमाणे रेघांमध्ये उभी राहतात, आणि मायोसिनची रेघ सगळ्यात वर, जाड, आंधळ्यालाही दिसेल अशी. मेंढीची रेघ होती. भावोजींच्या रांगेत वर काहीच नव्हतं. मी जेल दिव्यावर धरला, फिरवला, पुन्हा धरला. भावोजींच्या छातीतून करवतीनं हाड कापून, यंत्रावर हृदय थांबवून काढलेला तुकडा मी नळाच्या पाण्यात सोडून दिला होता.

सर मागून आले. त्यांनी जेल पाहिला, मग चिमणीकडं पाहिलं. "पुन्हा?" म्हणाले.

चिमणीनं माझ्याकडं पाहिलं. मी जेलकडं पाहिलं.

एवढं साधं होतं. 'सर, मी' असे दोनच शब्द. ते माझ्या तोंडात होते, खरंच होते. पण गेल्या वर्षीची ती भांडी विसळायची गोष्ट, ती पाटी, सगळी मुलं मेजांवरून माना वर काढून बघतायत, आणि मी. मी म्हणाले, "बघू. काय झालं ते बघते मी."

सर निघून गेले. त्यांच्या मनात गोष्ट पक्की झाली होती आणि मी ती होऊ दिली. ज्या पोरीला मी चिमणी म्हणते तिच्या आड मी लपले, एवढं धूड असून. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेलेलं माणूस निदान डबा उघडून जेवत नाही. मी जेवले.

आता यापुढचं सांगायला मला जास्त जड जातं. रस्ता बंद झाला नव्हता. हृदयातलं जे मायोसिन, तेच पोटरीच्या आतल्या, सावकाश आवळणाऱ्या स्नायूतही असतं. त्याच जनुकातून बनतं, तोच बदल घेऊन. पोटरीत जाड सुई घालून तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू काढला तरी मोजणी होते. भाचीच्या पोटरीतही ते आहेच, तिच्या वडिलांना पुन्हा हात लावायचीसुद्धा गरज नाही. हे मला जेल हातात असतानाच सुचलं होतं. माझं कामच ते. पण दुसरा तुकडा मागायचा तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागणार. म्हणून मी बोलले नाही. उद्या सांगू, असं म्हटलं. उद्या उजाडला की वाटायचं, आज सर चिडलेत, आज ताईला घरी पाव्हणे आहेत, आज भावोजींचे टाके काढायचेत. कारणांना काय तोटा. ताईचा फोन आला की मी म्हणायचे, "चाललंय गं, अशा कामाला वेळ लागतो." इकडं बैठकीची तारीख सरकत सरकत पुढं येत होती, आणि मी तिच्याकडं पाठ करून मेंढीचं मायोसिन मोजत बसले होते.

चिमणी रोज यायची, काम करायची. माझ्याशी बोलायची तेवढंच, नेहमीच्याच आवाजात. मी तिच्यावर ओरडायचं सोडलं होतं, आणि त्यावरून इतर मुलांना वाटलं की चूक एवढी मोठी होती की बाईंची वाचाच बसली. एक जण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "वरचं खालचं." दुसरा हसला. मी थंड खोलीत जाऊन उभी राहिले. तिथं थंडीनं डोळ्यांत पाणी येतं, कुणी विचारत नाही.

मग एका दुपारी भाची आली. पळायच्या सरावावरून थेट आली होती, बूट मातीनं भरलेले. मी सरांच्या खोलीत होते. दार उघडंच होतं. तिनं चिमणीला विचारलं, "माझ्या बाबांचं काही कळलं का हो? मावशी फोनवर नीट सांगत नाही."

मी खुर्चीतून उठले खरी, पण दाराशी येऊन थांबले.

"तुमच्या बाबांचा नमुना वाया गेला," चिमणी म्हणाली. "काम करताना चूक झाली. चुकून वरचं फेकलं गेलं. मला माफ करा."

भाचीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमच्याकडून?"

चिमणीनं हातातली नळी मेजावर ठेवली. "मी तिथंच होते," ती म्हणाली. "पण अजून वेळ आहे. तुमच्या पोटरीतला थोडा स्नायू मिळाला तर मोजता येईल. आजच डॉक्टरांना भेटा. आणि मंडळाकडं मुदत मागून बघा. उशीर करू नका."

ती खोटं बोलली नाही. भाचीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नका हो," म्हणाली. "माणसाच्या हातून होतं." चिमणी रडत नव्हती, पण भाचीचा स्वभावच तसा, ज्याला धीर द्यायचा त्याला आधी रडवते. आणि मी, सख्खी मावशी, दाराच्या चौकटीला धरून उभी. बाहेर पडले नाही.

ती गेल्यावर मी चिमणीपाशी गेले. "कशाला सांगितलंस?" असं निघालं माझ्या तोंडून. म्हणायचं काही वेगळंच होतं.

"कुणीतरी तिला सांगायला हवं होतं, बाई," ती म्हणाली. "तारीख जवळ आलीय. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले होते." आणि नळ्या धुवायला घेतल्या.

संध्याकाळी भावोजींचा फोन. आवाज अजून खोल गेलेला, पण थट्टा कायम. "काय मेव्हणीबाई, माझं काळीज मोरीत घातलं म्हणे तुमच्या त्या पोरीनं? बरं झालं. बंद पडलेली लिफ्ट नाहीतरी तळालाच येऊन थांबते." मग गंभीर झाले. "हे बघ, तिच्यावर ओरडू नकोस. तुझं तोंड मला माहितेय. लहान पोर आहे, आधीच खचली असेल."

"नाही ओरडत," मी म्हणाले.

मागून ताई बोलत होती, "ओरडू नको काय? अशांना कामावर ठेवतातच कशाला? लेकीच्या आयुष्याचा प्रश्न आहे माझ्या!" मी फोन ठेवला. उभ्या उभ्या स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. मारून घेतली नाही. माझ्यासारखी माणसं दुसऱ्यालाच मारतात.

मंडळानं मुदत दिली नाही. बैठक त्यांच्या तारखेला झाली, भाचीपाशी उत्तर नव्हतं, आणि तिची जागा पुढच्या उमेदवाराला गेली. डॉक्टरांनी सुईची वेळ दिली ती त्यानंतरची. ताई म्हणाली, आता कशाला पोटरीत भोक पाडून घेतेस? भाची म्हणाली, "नोकरी गेली. निदान मला काय आहे ते तरी कळू दे."

तिच्यासोबत मी गेले. चिमणी बर्फाचा डबा घेऊन आली होती. छोटी खोली, उंच खाट, भाची पालथी झोपलेली, पोटरीवर पिवळं औषध फासलेलं. डॉक्टर सुई बधिर जागेवर टेकवत होते. भाची मान वळवून चिमणीला म्हणाली, "हे मात्र सांडू नका हं. दुसरी पोटरी मला चालायला लागते." चिमणी हसली. कानापर्यंत लाल झाली, पण हसली.

ते हसणं मला बघवलं नाही. मी बोलले. "तिनं नाही सांडलं. मी सांडलं."

डॉक्टरांचा हात थांबला. भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. लाल पट्टी, बादली, माझं ओरडणं, सरांनी 'पुन्हा?' म्हटलं तेव्हा गप्प बसणं. धडाधड सांगितलं, कुणी मध्ये थांबवेल अशा आशेनं. कुणी थांबवलं नाही.

भाची म्हणाली, "आणि हे पोटरीचं? हे तुला कधी सुचलं?"

हा प्रश्न ती विचारणार नाही असं मला वाटलं होतं. "तेव्हाच," मी म्हणाले. "त्याच दिवशी."

तिनं मान पुन्हा उशीवर ठेवली. तोंड भिंतीकडं होतं. "डॉक्टर, घ्या तुम्ही," ती म्हणाली. "आणि निघेल ते यांच्या हातात द्या. मावशीच्या नको."

त्याच दिवशी मी सरांना सांगितलं आणि सगळ्या मुलांना बोलावून त्यांच्यासमोर चिमणीची माफी मागितली. मुलं जमिनीकडं बघत होती. चिमणी म्हणाली, "ठीक आहे, बाई." यापेक्षा तिनं चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. ताईनं पुढं बरेच दिवस माझा फोन उचलला नाही. मग एकदा उचलला आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं. भावोजींनी मात्र माझी एकदाही थट्टा केली नाही. त्यावरून मला कळलं काय ते.

मोजणी चिमणीनं केली. मी खोलीत होते, पण हात पाठीमागं बांधून. पद्धत अशी, की मायोसिनला चमकणारं एटीपी देतात. झोपलेली डोकी ते धरून बसतात, म्हणून चमक सावकाश विझते. जागी डोकी भराभर जाळतात, चमक भराभर विझते. पडद्यावर एक रेघ उतरत जाते. निरोगी माणसाची रेघ आधी थोडी घसरते आणि मग लांबच लांब, संथ जाते. ती आधी दाखवून ठेवली होती. भाची यंत्रासमोर उभी होती, एक पाय किंचित उचलून, पोटरी अजून दुखत होती तिची.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. बदल निरुपद्रवी निघाला, तर पोरगी धडधाकट. आणि मग तिची नोकरी मी घालवली, माझ्या गप्प बसण्यानं, कायमची. बदल घातक निघाला, तर नोकरी तिला तशीही मिळणार नव्हती. मग माझ्या गप्प बसण्यानं तिचं काही बिघडलं नाही. मी यातल्या कुठल्या उत्तराची वाट बघत होते? पोर माझ्या मांडीवर वाढली आहे. तरी मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

चिमणीनं कळ दाबली. रेघ निघाली, घसरली, आणि घसरतच गेली. संथ भाग आलाच नाही म्हणावं इतका थोडा. चिमणीनं दुसरा नमुना लावला, तिसरा लावला. तशीच रेघ.

"डोकी झोपत नाहीत," चिमणी हळू म्हणाली. "बाबांसारखंच आहे."

"म्हणजे मला जाता आलंच नसतं," भाची म्हणाली.

"नाही."

मी श्वास सोडला. ठरवून नाही सोडला. इतके दिवस छातीत अडकलेला होता तो आपला निघून गेला, आणि माझे खांदे खाली आले. भाची माझ्याकडंच बघत होती.

"मावशी, तुला बरं वाटलं ना?"

नाही गं, काहीतरीच काय बोलतेस, असं तोंडाशी आलं होतं. "हो," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रागावली नाही. "तुझं ते 'चाललंय' चालू होतं ना, तेव्हाही मी रोज पाठीवर वजन घेऊन जिने चढत होते," ती म्हणाली. "'थांब, जिवावर बेतेल' म्हणायला कुणी नव्हतं."

मग ती चिमणीकडं वळली आणि विचारायला लागली, की उद्यापासून काय करायचं, चालायला हरकत नाही ना, डॉक्टरांना हे कसं सांगायचं, बाबांना कुणी सांगायचं. चिमणीनं तिच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतःसाठी एक ओढली, आणि दोघी बोलत बसल्या. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि मीही बसले नाही.